वाघोलीचा तिसरा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी निळी थंडपेटी आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मध्येच चिडले तर तुम्ही दचकणार नाही. सध्या माझा मुक्काम पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, अपेक्षाच्या टेबलाखाली आहे. ती माझ्यावर पाय ठेवून काम करते. पायांचे मला काही नाही, मुलगी हलकी आहे. पण जिने रोज पन्नास किलोमीटर धावून काढले, तिने दिवसभर एका जागी पडून पंख्याची कुरकुर ऐकायची म्हणजे काय असते, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत आई दुपारी बळेच झोपवते तेव्हा तुम्हीही अनुभवले असेल.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यामध्ये झाला. बाहेर निळे प्लॅस्टिक, आत पांढरे प्लॅस्टिक आणि दोन्हींच्या मध्ये ओतलेला फेस. तो फेस फुगला, घट्ट झाला आणि मी तयार झाले. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच पेट्या लसीकरणाला गेल्या. मला या संस्थेने घेतले आणि झाकणावर लाल रंगाने सात हा आकडा काढला. मला वाटले, आता कुठेतरी लांब पाठवतील. पाठवले पुण्याला लागूनच असलेल्या वाघोलीला!

संस्थेतल्या डॉक्टर आमोद सरांना एक गोष्ट शोधायची होती. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. लहान मुलांना डेंग्यूचा ताप आला की त्या पेशी कितव्या दिवशी जाग्या होतात आणि किती वाढतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी दोन ठिकाणांहून रक्ताच्या नळ्या यायच्या. एक ठिकाण कसबा पेठेतला मुलांचा दवाखाना आणि दुसरे वाघोली. वाघोलीत रक्त घेऊन आणायचे काम द्वारकाताईंकडे होते आणि मी द्वारकाताईंची पेटी होते.

द्वारकाताई वाघोलीच्याच सून. त्यांच्या सासऱ्यांच्या ज्वारीच्या जागी आता अकरा मजली इमारत उभी आहे. कोणी पत्ता विचारला की त्या सांगायच्या, "ती बिल्डिंग दिसती का? तिचं पार्किंग आमच्या ज्वारीत हाय." गावातले प्रत्येक घर त्यांना ठाऊक होते आणि नव्या सोसायट्यांचे रखवालदारही त्यांना अडवत नसत. कोणाचे मूल तापले की त्यांना आधी कळायचे, डॉक्टरला नंतर.

मग आमची धावपळ सुरू व्हायची. स्कूटरच्या पायाशी मी, माझ्या पोटात नळ्या. रक्तातल्या जिवंत पेशींना ऊन सोसत नाही आणि बर्फही सोसत नाही. त्यांना मधलाच गारवा लागतो आणि तोही चार तासच पुरतो. चार तासांत प्रयोगशाळा गाठली नाही तर त्या मुलाने सुई टोचून घेतली ती फुकट. वाघोलीच्या चौकात डंपर, पाण्याचे टँकर आणि कॉलेजच्या बसगाड्या एकमेकांना अडवून उभ्या असत. तिथे माझा जीव कासावीस व्हायचा. द्वारकाताई डंपरवाल्याला म्हणायच्या, "दादा, तुमची खडी उद्याबी खडीच राहनार हाय. माझ्याकडं जित्ता माल हाय, सरका!" आणि तो खरोखरच सरकायचा. आम्ही एकदाही उशिरा पोचलो नाही. आमोद सर कसब्यातले, त्यांच्या तोंडून कौतुक निघणे अवघड. पण एकदा त्यांनी माझ्या झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ही सात नंबर आपल्या अर्ध्या स्टाफपेक्षा वक्तशीर आहे." मी आठवडाभर फुगून होते.

आता मुद्द्याचे सांगते. नळीवर मुलाचा क्रमांक लिहायचा आणि तापाचा कितवा दिवस आहे तेही लिहायचे. एका बुधवारी आम्ही तुळजाबाईंच्या घरी गेलो होतो. त्यांची नात साई तापाने फणफणली होती.

"ताप कवा आला, मावशी?" द्वारकाताईंनी विचारले.

"सोमवारी. शाळंतनं आली ती अंग तापवूनच," तुळजाबाई म्हणाल्या.

द्वारकाताईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. सोमवार, मंगळवार, बुधवार. "तिसरा दिवस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नळीवर तीन लिहिले. वाघोलीत सगळे असेच मोजतात. बाळाचे बारसे असो की कोणाचा दहावा, ज्या दिवशी घटना घडली तो पहिला दिवस. यात चूक काहीच नव्हती.

पुढे कसब्याची पेटी बिघडली म्हणून मला चार दिवस तिकडे पाठवले. तिथे पूर्णिमा सिस्टर संगणकात ताप आल्याची तारीख भरायच्या आणि संगणक आजच्या तारखेतून ती वजा करायचा. सोमवारी तापलेल्या मुलाला बुधवारी त्याने दिले दोन. तेही बरोबरच होते. पण त्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर कसब्याची दोनची नळी आणि वाघोलीची तीनची नळी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही मुलांना ताप सोमवारीच आला होता आणि दोन्हीकडची मोजणी पाहिलेली असल्यामुळे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. मित्रांनो, मला तेव्हा घाम फुटला. लोकांना वाटले, हवा दमट आहे. एका मुलीने मला फडक्याने पुसले आणि फळीवर ठेवून दिले.

त्यानंतर माझे पडते दिवस आले. एका नव्या सोसायटीच्या दारात रात्रीतून गतिरोधक उगवला, त्याला ना रंग ना पाटी. आम्ही त्यावरून उडालो आणि माझे झाकण तडकले. सुदैवाने द्वारकाताईंना काही झाले नाही. माझ्या जागी तापमान दाखवणारी, हिरवा दिवा लुकलुकणारी नवी पेटी आली. मला भंगारात जायला उशीर झाला तो भंगारवाला दोनदा येऊन परत गेल्यामुळे, आणि तेवढ्यात अपेक्षाने मला टेबलाखाली ओढले.

अपेक्षा वाशिमची. हिंजवडीच्या एका कंपनीत तीन वर्षे नोकरी केली, त्यातले निम्मे आयुष्य कंपनीच्या बसमध्ये गेले, मग कंटाळून ती इथे आली. तिचे काम मला आधी कळेना. हळूहळू कळले. आमच्याकडे एकाच पेशीला एक जण मारक पेशी म्हणायचा, दुसरा सीडी-आठ लिहायचा, तिसरा नुसतेच 'के' लिहून मोकळा व्हायचा. माणसांना कळते, पण संगणकाला त्या तीन निरनिराळ्या वस्तू वाटतात. जगभरच्या लोकांनी मिळून यावर एक सामायिक यादी केली आहे. त्यात प्रत्येक पेशीला, प्रत्येक चाचणीला, प्रत्येक मापाला एकच क्रमांक असतो, तिचा नेमका अर्थ लिहिलेला असतो आणि ती कोणत्या मोठ्या कुटुंबातली तेही दिलेले असते. प्रयोगशाळेत या यादीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. आमच्या नोंदींतला शब्दन् शब्द त्या यादीतल्या योग्य क्रमांकाला जोडायचा, म्हणजे वाघोली, कसबा आणि परदेशातली मुलेसुद्धा एकाच तक्त्यात बसतात. आमोद सर जाता-येता म्हणायचे, "काय अपेक्षा, आज किती शब्दांची लग्ने लावलीत?" ती मान वर न करता सांगायची, "सर, एकशे चार. दोन मोडली."

मला या कामाची फार आशा होती. मला वाटले, आता तरी कोणी विचारेल. आणि एका दुपारी ती त्या ओळीशी आली. वाघोलीच्या छापील फॉर्मवर लिहिले होते, तापाचा दिवस. कसब्याच्या फॉर्मवरही तेच, तापाचा दिवस. यादीत अशा दिवसांच्या दोन वेगळ्या नोंदी होत्या, एक पहिल्या दिवसाला शून्य धरणारी आणि एक पहिल्याला एक धरणारी. अपेक्षाने दोन्ही फॉर्म पाहिले, मथळे सारखे दिसले आणि तिने दोन्ही शून्यवाल्या नोंदीला जोडून टाकले. द्वारकाताईंना एक फोन केला असता तर काम झाले असते. मी तिच्या पायाखाली कितीदा करकरले! तिने पाय हलवून नीट ठेवले.

दोन महिन्यांनी तक्ता तयार झाला. कसब्याची रेघ वर चढत होती आणि वाघोलीची रेघ बरोबर एक दिवस मागून चढत होती. आमोद सरांचा चेहरा खुलला. वाघोलीच्या मुलांची प्रतिकारशक्ती एक दिवस उशिरा जागी होते! लगेच कारणेही निघाली. खडीच्या खाणींची धूळ असेल, टँकरचे पाणी असेल. सरांनी एका सभेत हे सांगितले आणि टाळ्या मिळाल्या. मग संस्थेने ज्या कुटुंबांनी रक्त दिले होते त्यांना आभाराची पत्रे पाठवली. पत्रात शेवटी ते वाक्य होते आणि खाली गोल शिक्का होता. ती पत्रे घरोघर पोचवायचे काम अर्थातच द्वारकाताईंचे.

एका गुरुवारी सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. अपेक्षाने खुर्ची पुढे केली. त्यांनी मला पाहिले, टेबलाखालून ओढले आणि माझ्यावरच बसल्या.

"मॅडम, मीच वाचून दाखिवलं ओ ते पत्र," त्या म्हणाल्या. "मोठ्या आवाजात, दारात उभी राहून. तुळजामावशीनं ऐकलं आन् साईला खो-खो बंद केला. पोरीच्या रक्तातच उशीर हाय म्हनं. पळाली, भिजली, तर परत तापंल. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड हाय. पोरगी खाटंवर बसून नुसती पाय हलवती."

"पण ताई, निष्कर्षाचा असा अर्थ नाही होत," अपेक्षा म्हणाली. "एक दिवस उशीर म्हणजे ती अशक्त आहे असं नाही."

"शिक्का हाय त्याच्यावर. मावशीला शिक्का कळतो." द्वारकाताईंनी टेबलावर बोट आपटले. "आन् मला एक सांगा, माझी पोरं उशिराची कशी? तिसऱ्या दिवशी मी रगत घेतलंय. तिसऱ्या म्हंजी तिसऱ्या."

अपेक्षाने हातातले पेन खाली ठेवले. "ताई, साईला ताप कधी आला होता?"

"सोमवारी. बुधवारी गेले मी." अंगठा पेरांवर फिरला. "सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन."

अपेक्षाने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. मग संगणकावर ती ओळ उघडली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मला, खरे सांगते, आनंदाने धडधडले. नंतर त्या आनंदाची लाज वाटली.

ती तशीच उठून आमोद सरांकडे गेली. दार उघडे होते, सरांचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते. "एका बाईंच्या बोटांवरून मी जाहीर केलेला निष्कर्ष मागे घ्यायचा? आणि त्या सगळ्याच वेळा असंच मोजत होत्या कशावरून? पुरावा आणा. सगळ्या नोंदी तपासा. मग सही करतो." मी तेव्हा त्यांच्यावर जळफळले. आता विचार केला तर वाटते, त्यांचे चूक नव्हते. एकदा न तपासता जोडले होते, दुसऱ्यांदा न तपासता तोडून चालले नसते. पण रविवार कोणासाठी थांबणार नव्हता.

पुरावा कुठे मिळणार, ते द्वारकाताईंनी सांगितले. ताप आला की आईबाप मुलाला आधी जवळच्या डॉक्टरकडे नेतात आणि त्या केसपेपरवर ताप कोणत्या तारखेला आला ते लिहिलेले असते. हे कागद कोणी टाकत नाही. प्रत्येक घरात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी असतात. दोघी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या. बाहेर पावसाची भुरभुर होती. "कागद ठिवायला कायतरी पायजे," म्हणत द्वारकाताईंनी माझ्या तडकलेल्या झाकणाला सुतळी बांधली आणि मला स्कूटरच्या पायाशी ठेवले.

शुक्रवार, शनिवार, रविवार आम्ही वाघोली पिंजून काढली. शहाण्णव मुलांपैकी एकसष्ट जणांचे कागद मिळाले. कोणी दार उघडून आत बोलावले, कोणी दारातच विचारले, "आता आनि काय निघालं आमच्या पोरांच्यात?" द्वारकाताईंना इतकी वर्षे ज्या घरांत चहा मिळायचा तिथे पाणीही विचारले नाही. त्या फक्त पुढच्या दाराकडे चालत होत्या. प्रत्येक कागदावर तेच निघत होते, एक दिवसाचा फरक. चाळिसाव्या घरानंतर मी मनात ओरडत होते, पुरे झाले, आता शिक्का मारा! पण अपेक्षा मोजत राहिली.

तुळजाबाईंच्या घरी आम्ही शुक्रवारीच गेलो होतो. त्यांनी पिशवी काढून दिली. केसपेपरवर सोमवारची तारीख होती. अपेक्षा म्हणाली, "आजी, बघा, साईमध्ये काही दोष नाही. चूक आमची आहे. तिला रविवारी जाऊ द्या."

"पयलं बी तुमीच सांगितलं," तुळजाबाई म्हणाल्या. "आता बी तुमीच सांगताय. कागद आना, शिक्क्याचा. मग बघू."

खाटेवर साई बसली होती. अकरा वर्षांची, काटक, गुडघ्यांवर जुन्या खरचटल्याच्या खुणा. तिच्या अंगात स्वेटर होता आणि तिचा उजवा पाय सारखा हलत होता. तिला पाहून मला भडभडून आले. धावणाऱ्याला बसवून ठेवल्यावर काय होते, ते माझ्याइतके त्या घरात कोणालाच कळत नव्हते.

सोमवारी अपेक्षाने एकसष्ट कागद आमोद सरांपुढे ठेवले. त्यांनी पहिले दहा पाहिले, मग मधले काही, मग चष्मा काढून ठेवला. अपेक्षाने वाघोलीची ओळ योग्य नोंदीला जोडली. ज्या पस्तीस मुलांचे कागद मिळाले नव्हते त्यांच्यापुढे तारीख तपासलेली नाही असे स्पष्ट लिहिले आणि शेजारी टीप घातली, वाघोली केंद्रात ताप आलेला दिवस पहिला धरतात, माहिती देणार द्वारका. दोन्ही रेघा एकमेकींवर जाऊन बसल्या. शोध संपला.

"टाळ्या परत कशा देतात, कोणाला माहीत आहे का?" सर म्हणाले. त्यांनी नवे पत्र स्वतः लिहायला घेतले आणि सही करताना द्वारकाताईंना म्हणाले, "द्वारकाबाई, आपण चार वर्षे बरोबर मोजलंत. आम्ही विचारलं नाही." द्वारकाताईंनी मान हलवली आणि शिक्का नीट उमटला आहे का ते पाहिले.

मंगळवारी आम्ही परत वाघोलीला गेलो. या वेळी पत्र अपेक्षाने वाचले, दारात उभे राहून, मोठ्या आवाजात. शेजारच्या दोन बायाही ऐकायला आल्या.

तुळजाबाईंनी पत्र हातात घेतले, शिक्क्यावरून बोट फिरवले. "म्हंजी पोरगी चांगली हाय?"

"चांगलीच होती, आजी. पहिल्यापासून. आमचं मोजणं चुकलं."

तुळजाबाई साईकडे वळल्या. "आगं माझ्या बाई," त्या नातीला म्हणाल्या, "मी तुला उगंच कोंडली गं." आणि पदर डोळ्यांना लावला.

साई खाटेवरून उतरली. तिने स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि खाटेवर ठेवला. मग अपेक्षासमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"ताई, हा कागद रविवारच्या आधी का न्हाय आनला?"

द्वारकाताई माझ्या सुतळीची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. साईने दोघींकडे पाहिले. मग बाहेर गेली आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर, विटांच्या ढिगापासून लिंबाच्या झाडापर्यंत, एकटीच पळू लागली. आम्ही निघालो तेव्हाही ती पळतच होती.

मित्रांनो, मी परत टेबलाखाली आहे. जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला पुसा, जपून ठेवा. मला पुसले नाही तरी चालेल. पण तुम्ही मोठे झाल्यावर कोणाचा ताप मोजाल, कोणाच्या शेतातला पाऊस मोजाल, आणि तुमच्याजवळ अपेक्षाच्या यादीपेक्षाही मोठी, शहाणी यादी असेल. तेव्हा दुसऱ्याने लिहिलेला आकडा आपल्या रकान्यात घालण्याआधी त्याच्याकडे जा आणि विचारा, बाई, तुम्ही कुठून मोजायला लागलात? प्रश्न एवढासा आहे. तो आजच विचारा, उद्यावर टाकू नका. साईच्या पुढच्या निवडीला अजून अकरा महिने आहेत.